मेट्रनबाईंचा राउंड

शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत भांडी वाजायला लागायची. सांगलीत नवीन आले तेव्हा पहिल्या शनिवारी मला वाटलं, कुणाकडं तरी बारसं असेल. कुकर पलंगाखाली सरकवल्याचा आवाज, पातेली माळ्यावर चढवल्याचा आवाज, लोखंडी कपाटाचं दार दाबून बंद केल्याचा आवाज. मग एकदम सगळं चिडीचूप. आणि त्या शांततेत समोरच्या घराची कडी वाजायची, पाठोपाठ खणखणीत हाक यायची, "झोपलात का सगळे? उघडा!"

ही कडी वाजवणारी बाई म्हणजे माझी घरमालकीण.

सगळा जन्म इस्पितळात काढून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. इस्पितळ सुटलं, पण त्या इस्पितळातून काही सुटल्या नव्हत्या. पांढरी कडक इस्त्रीची साडी, केसांचा मुठीएवढा घट्ट अंबाडा आणि छातीवर पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. गल्लीतल्या घरांना त्या नंबरानं ओळखायच्या. "चार नंबरला सकाळपासून खोकला आहे," असं त्या म्हणाल्या की समजायचं, चौथ्या घरातल्या आजोबांना खोकला झालाय. शनिवारच्या त्यांच्या फेरीला सगळी गल्ली राउंडच म्हणायची. डाव्या खांद्याला मोठी कापडी पिशवी लावून त्या घराघरात शिरायच्या, तब्येती विचारायच्या, जिभा बघायच्या आणि बोलता बोलता कपाट उघडायच्या.

कारण त्यांचा एक नियम होता. दोन असतील तर एक जातं.

मला हा नियम पहिल्या दोन दिवसांतच कळला, पण उशिरा कळला. मी साताऱ्याकडच्या औंधजवळच्या एका खेड्यातली. तासगाव रस्त्याला बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथं मालाची प्रत बघायची नोकरी मला लागली होती. आईनं बांधून दिलेली वळकटी काखेत मारून मी खोली बघायला गेले. बाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. मी उभीच.

"घोरतेस का?"

"नाही."

"आतून कडी लावून झोपतेस?"

"हो."

"लावू नको. काही झालं तर आत येता आलं पाहिजे. चपला किती?"

मला वाटलं, चपला ठेवायची जागा लहान असेल. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "दोन जोड."

"हं. पांघरुणं?"

"एक चादर आणि एक वाकळ."

"हं," बाई म्हणाल्या. डॉक्टर छातीला नळी लावून 'हं' म्हणतात तसा तो 'हं' होता. पुढं काय वाढून ठेवलंय ते सांगत नाही, पण काहीतरी आहे हे कळतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर चपलांचा एक जोड नव्हता.

"बाई, माझ्या तपकिरी चपला?"

"गेल्या."

"कुठं?"

"पायात."

"कुणाच्या?"

"जिला नव्हत्या तिच्या." आणि त्यांनी मला चहा दिला. त्यांच्या घरात कप एकच होता. त्यामुळं माझा पिऊन झाल्यावर त्यांनी तो विसळला आणि मग स्वतः घेतला. ताट एक, वाटी एक, पेला एक. साड्या मात्र दोन. एक अंगावर, एक दोरीवर. ओल्या साडीत चर्चमध्ये उपासनेला जाता येत नाही, म्हणून प्रभूनं तेवढी सूट दिली असावी.

हा नियम त्यांनी कुठून काढला असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पवित्र शास्त्रात आहे. दोन अंगरखे असलेल्या माणसानं काय करायचं ते स्पष्ट सांगितलंय."

"पण ते अंगरख्यांचं झालं. तुम्ही काल सहा नंबरमधनं मिक्सर आणलात."

"तेव्हा मिक्सर नव्हते," बाई म्हणाल्या. विषय संपला.

त्यांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक तरुण होते, नव्यानंच बदलून आले होते आणि त्यांना बोलण्याची हौस होती. त्यांनी एका रविवारी नेमका हाच दोन अंगरख्यांचा उतारा घेतला आणि उदारपणावर असं सुंदर प्रवचन केलं की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सोमवारी सकाळी पाळकसाहेब दात घासत होते तेवढ्यात बाई हजर. "काल फार चांगलं बोललात," म्हणाल्या, "कपाट कुठं आहे?" पाळकसाहेबांकडं उपासनेला घालायचे झगे दोन होते. त्यातला एक तासगावकडच्या एका लहानशा मंडळीच्या उपदेशकांना गेला. ते गृहस्थ पाळकसाहेबांपेक्षा बरेच बुटके. पुढं कितीतरी दिवस ते झगा दोन्ही हातांनी उचलून, पाण्यातून चालल्यासारखे वेदीकडं जायचे.

त्यानंतर पाळकसाहेबांनी योनाचा विषय घेतला. मोठ्या माशानं गिळलेला योना. रविवारमागून रविवार गेले, योना काही माशाच्या पोटातून बाहेर येईना. एकदा मी त्यांना विचारलं, तर इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "काय आहे ताई, त्या माशाच्या पोटात देण्यासारखं काही नाही."

गल्लीत सगळ्या जातीधर्माचे लोक होते, पण बाईंच्या नियमाला जातधर्म नव्हता. आमच्या समोर एक म्हातारे शिंपी राहायचे, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. गल्लीच्या ग्रुपवर 'राउंड सुटला' असा मेसेज टाकायचं काम त्यांच्याकडं होतं. बाईंपर्यंत तो पोचायची भीती नव्हती, कारण पुतण्यानं दिलेला स्मार्टफोन त्यांनी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकला होता. मेसेज टाकला की चाचा साळसूदपणे मशिनवर बसायचे.

"बाई, बघून घ्या," बाई आत आल्या की ते म्हणायचे, "मशिन एक, कात्री एक, बायको एक. चपला तेवढ्या दोन हायत. एक नेताय का?"

"एका पायाचा माणूस मिळाला की येते," बाई गंभीरपणे म्हणायच्या. आणि चाचांच्या मांडीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं ठेवायच्या. "हे तीन फ्रॉक उसवून लहान कर. मंगळवारपर्यंत."

"आवं, पण मजुरी?"

"वर मिळेल."

चाचा आढ्याकडं बघायचे आणि मंगळवारी फ्रॉक तयार असायचे.

एवढं सगळं असून दार कुणी बंद ठेवत नव्हतं, हे मला सुरुवातीला कळायचं नाही. मग एकदा गल्लीच्या तोंडाशी जे बांधकाम चाललं होतं तिथं कामावरच्या एका बाईचे दिवस भरले. इस्पितळातून बाळ घेऊन ती परत आली ती त्याच अर्धवट भिंतींच्या खोलीत. बाई तिथं डोकावून आल्या आणि जेवायची सुट्टी संपायच्या आत त्यांनी सगळी गल्ली पालथी घातली. चाचांच्या घरची निळी चादर, डॉक्टरीणबाईंची बादली, चार नंबरची शेगडी, पाळकसाहेबांकडची दुपटी, माझी उशी. त्या सिमेंटच्या खोलीचा त्यांनी वॉर्ड करून टाकला. संध्याकाळी गल्लीतले झाडून सगळे कुरकुरत होते आणि झाडून सगळे एकमेकांना सांगत होते, "ती बादली आमची." "शेगडी आमची बरं का."

डॉक्टरीणबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची बायको. त्याही बाईंच्याच मंडळीतल्या. घरात वस्तू भरपूर, त्यामुळं शनिवारी सर्वांत जास्त आवाज त्यांच्याकडनं यायचा.

या डॉक्टरीणबाईंशी माझी गाठ पडली ती कापणीच्या सणाला. दिवाळीनंतर त्यांच्या चर्चमध्ये हा सण असतो. लोक आपापल्या शेतातलं, परसातलं, घरातलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवतात आणि उपासना झाल्यावर आवारात त्याचा लिलाव होतो. बाई मला म्हणाल्या, "चल, बघ तरी." मी गेले. आवारात मांडव होता. उसाच्या मोळ्या, गुळाच्या ढेपा, हळद, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, अंड्यांची टोपली. लिलाव पुकारायला स्वतः पाळकसाहेब. योनापासून सुटका झाल्यामुळं ते रंगात होते. एका कोंबडीला त्यांनी इतकं चढवलं की ती घेणारा माणूस घरी जाऊन तिला कापेल असं वाटेना.

आणि मग त्यांनी बांबूला लावून एक वाकळ वर केली.

मी आधी नुसतीच बघत राहिले. मग त्या वाकळेच्या मधोमध मला आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. त्याच्या बाजूला माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा. सकाळी मी अंथरूण आवरून आले होते. म्हणजे मी अंघोळीला गेले तेवढ्यात बाईंनी कारभार उरकला होता.

"हाताची शिवण!" पाळकसाहेब ओरडले. "अशी आता मिळणार नाही!"

"मला द्या," डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "हॉलच्या भिंतीवर लावीन."

भिंतीवर! जिच्यात मी लहानपणी तोंड खुपसून झोपले ती भिंतीवर! माझा हात आपोआप वर गेला. पाळकसाहेबांना आनंद झाला. पाहुणी बोली लावतेय म्हटल्यावर मांडवातल्यांनी माना वळवल्या. डॉक्टरीणबाईंनी आकडा वाढवला. मी वाढवला. त्यांनी वाढवला. मी इतका वाढवला की माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं माझं कपाळ हाताला गरम लागतंय का बघितलं. "एकवार... दोनवार..." पाळकसाहेबांनी मुद्दाम पाणी प्यायलं. "...तीनवार!" टाळ्या पडल्या. माझीच वाकळ मी विकत घेऊन बाहेर आले तेव्हा पगार संपल्यात जमा होता.

बाई गेटाशी उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "शाब्बास पोरी! देणारीचा हात असा असावा."

"बाई, ही माझी वाकळ आहे."

"आता आहेच की."

"आधीपण होती! माझ्या आईनं शिवलीय. मला विचारायचं तरी!"

बाई चालायला लागल्या. घरी आल्यावर माझ्या खोलीत आल्या. वाकळेच्या बदल्यात म्हणून त्यांनी कुठून तरी आणलेलं एक ब्लँकेट खाटेवर घडी करून ठेवलेलं होतं. त्यांनी ब्लँकेटाकडं बघितलं, वाकळेकडं बघितलं.

"आता तुझ्याकडं दोन झाली," म्हणाल्या.

मी वाकळ छातीशी धरून उभी राहिले. बाईंनी ब्लँकेट उचललं आणि गेल्या. त्यांनी घेतलेली एवढीच माघार मी तोवर पाहिली.

आईला फोनवर सांगितलं तर ती आधी कडाडली. "लिलाव? माझ्या वाकळंचा? कोण हाय ती बाई?" मग जरा थांबून म्हणाली, "किती जण मागत हुते गं?"

"डॉक्टरांची बायको पार शेवटपर्यंत होती."

"व्हय?" आईचा आवाज बदलला. त्या आठवड्यात आमच्या गावात एकही माणूस असा राहिला नाही की ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही.

आता एवढं देणारी बाई म्हटल्यावर कुणालाही वाटेल की लोकांनीही त्यांना काही दिलं असेल. द्यायचे लोक, पण बाईंच्या हातात काही टिकायचं नाही. मंडळीतल्या बायकांनी वर्गणी काढून त्यांना नवी साडी घेतली, तर दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून भाजीवाली गल्लीत आली. वर्गणी काढणाऱ्या बायकांनी आपल्याच साडीकडून मेथी घेतली. नाताळात तर गंमतच व्हायची. घराघरातून करंज्या-चकल्यांची ताटं यायची. बाई ती एका दारातून घ्यायच्या आणि दुसऱ्या दारातून माझ्या हाती देऊन पुढं पाठवायच्या. डॉक्टरीणबाईंनी केलेला केक चार नंबरला गेला, चार नंबरनं तो नात्यातल्यांकडं पाठवला, तिथून तो पाळकसाहेबांकडं आणि तिसऱ्या दिवशी पाळकीणबाई तो घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दारात, "नाताळच्या शुभेच्छा!" डॉक्टरीणबाईंनी तो मुकाट्यानं खाल्ला. त्या म्हणाल्या, बरा झाला होता.

कुणी फारच आग्रह केला तर बाई म्हणायच्या, "मला कशाला? मला काय कमी आहे?" आणि खरंच त्यांना काही कमी आहे असं वाटायचं नाही. निदान त्या पडेपर्यंत तरी.

नाताळ झाल्यावर, थंडीतच, सकाळी न्हाणीघरात पाय सरकून त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आतून कडी लावायची नाही हा त्यांचाच नियम, म्हणून मला आत जाता आलं. फरशीवर पडल्या पडल्या त्यांनी मला हुकूम दिले. "हलवू नको. पाय सरळ धर. फळी आण. रडू नको, रडायचं काय आहे?" ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे कुणाच्या तरी आधाराशिवाय उठायचं नाही.

बाई घरी आल्या आणि गल्लीला जसं काही सणाचं निमित्त मिळालं. डॉक्टरीणबाई सूप घेऊन आल्या. पाळकसाहेबांनी चालायचा वॉकर आणला. चार नंबरनं मऊ भात पाठवला. बाई पलंगावरून माझ्याकडं बघून म्हणायच्या, "सूप बांधकामावर दे. भात त्या रात्रपाळीच्या वॉचमनला." वॉकर तर त्यांनी आल्या दिवशीच एका लंगड्या पेन्शनराला देऊन टाकायचा घाट घातला.

"बाई, अहो, तो तुम्हाला लागणार आहे!"

"मला भिंत आहे की."

पाळकसाहेब प्रार्थनेला आले तर बाईंनी त्यांना चार नंबरच्या खोकल्यासाठी प्रार्थना करायला लावली. एक आया ठेवायचं ठरलं, तिला त्यांनी पहिल्याच दिवशी हात धुवायची योग्य पद्धत शिकवून परत पाठवलं. अंघोळ तर कुणाला घालूच देईनात. "चाळीस वर्षं मी लोकांना पुसलंय," त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "मला कुणी पुसायचं नाही."

दिवस जात होते आणि त्या वाळत चालल्या होत्या. जेवण पुढं जायचं, त्या चहाबिस्किटावर राहायच्या. साडीची इस्त्री गेली. अंबाडा सुटून केसांच्या जटा व्हायला आल्या. खोलीला वास यायला लागला, आणि तो वास त्यांनाही येत होता, कारण कुणी आलं की त्या खिडकी उघडायला सांगायच्या. मी कामावर बेदाणे निवडताना मला तोच विचार. डॉक्टर म्हणाले होते, असं राहिलं तर पाठीला जखमा होतील, मग माझ्या हातात काही नाही.

त्या शनिवारीही भांडी वाजली नाहीत. गल्ली इतकी गप्प होती की मला बाहेर जाऊन बघावंसं वाटलं.

रविवारी सकाळी चाची आल्या. चाची म्हणजे त्या शिंपीचाचांची बायको. बारीक, काटक, कधी फार न बोलणारी बाई. त्यांच्या एका हातात गरम पाण्याची बादली होती, खांद्यावर टॉवेल. त्या आत आल्या आणि बादली पलंगाशी ठेवली.

"मी सांगितलंय ना," बाई म्हणाल्या, "मला कुणी—"

"ऐकलं मी. बाई, एक बोलू? राग मानायचा न्हाई."

"बोल."

"तुमी लय कंजूस हायसा."

मी दारात होते. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या कोपरावर उठायला बघत होत्या.

"काय म्हणालीस? मी कंजूस?"

"व्हय. तुमी." चाचींनी पदर कमरेला खोचला. "माझी निळी चादर तुमी त्या बांधकामावरच्या पोरीला दिलीसा. चादर माझी. पण ती पोरगी हसली कुणाकडं बघून? तुमच्याकडं. आमी हिकडं रिकाम्या कपाटाकडं बघत बसलो. गल्लीतल्या समद्यांचं सामान तुमी वाटलंसा, आमी काय बोललो न्हाई. पण वाटताना जे वाटतं ना बाई, ते समदं तुमी एकटीनं ठिवून घेतलंसा. आता अल्लानं तुमाला अंथरुणावर टाकलंय, म्हटलं, आता तरी आमची पाळी यील. तर ते बी द्यायला तयार न्हाई. मग कंजूस न्हाई तर काय म्हणायचं?"

बाई आडव्या झाल्या. बाहेर चाचांच्या मशिनचा आवाज येत होता, तोही थांबला. ते बहुतेक कान देऊन ऐकत होते. बाईंनी पदर डोळ्यांवर ओढला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि आता काय करायचं ते मला सुचेना. चाची मात्र जागच्या हलल्या नाहीत. पाणी निवत होतं.

मग बाईंनी हात बादलीत घातला.

"फार गरम आहे," म्हणाल्या. "थोडं गार मिसळ."

चाचींनी माझ्याकडं बघितलं, मी गार पाण्याचा तांब्या आणून दिला आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आतून बाईंचा आवाज यायला लागला. आधी बारीक, मग नेहमीचा. "असं नाही, खालून वर... कुशीवर वळव, खांदा धर, ओढू नको... इथं पावडर... शिकवलं नाही का तुला कुणी?" आणि मध्ये मध्ये चाचींचं, "बरं. बरं बाई. व्हय बाई."

दार उघडलं तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. चाचींनी त्यांच्या केसांना भरपूर तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या. मी आरसा पुढं धरला. बाईंनी एक वेणी हातात घेऊन बघितली.

"दोन कशाला घातल्यास?" त्या म्हणाल्या. पण सोडायला लावल्या नाहीत.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचं सूप आलं, ते बाईंनी स्वतः प्यायलं. मीठ कमी आहे असा निरोप दिला. डॉक्टरीणबाई निरोप ऐकून धावत आल्या, रिकाम्या वाटीचा फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून चढाओढ लागली. बाईंनी मग शिस्त लावली. सोमवारी चार नंबर, मंगळवारी सहा नंबर, बुधवारी पाळकीणबाई. कुणी चुकलं तर माझ्याकडून निरोप जायचा, "आज तुमची ड्यूटी होती." भाकरी जाड झाली तर कळवलं जायचं, भात करपला तर कळवलं जायचं. देणारे घाबरून असायचे आणि खूश असायचे.

आभार मानणं मात्र त्यांना जड जायचं. आधी डोळे घट्ट मिटायच्या, सुई टोचून घेताना मिटतात तसे, मग पटकन म्हणायच्या, "आभारी आहे." आणि डोळे उघडून बघायच्या, झालं का म्हणून.

थंडी संपली, त्या वॉकर घेऊन चालायला लागल्या आणि एका शनिवारी गल्लीत पुन्हा भांडी वाजली. चाचांनी मेसेज टाकला, सोबत टाळ्या वाजवणारे हात टाकले. राउंड सुरू झाला, पण आता तो हळू चालायचा आणि त्याची पद्धत बदलली होती. बाई कपाट उघडायच्या, वस्तू बाहेर काढायच्या, आणि ती पिशवीत न टाकता मालकिणीच्याच हातात द्यायच्या. "चल माझ्याबरोबर. तूच दे." डॉक्टरीणबाईंना अशा एकदा त्यांनी दुसरा पंखा घेऊन नदीकडच्या वस्तीत नेलं. जाताना डॉक्टरीणबाई रस्ताभर पायघोळ साडी सावरत होत्या. येताना त्यांच्या पदरात कुणीतरी दिलेल्या ओल्या शेंगा होत्या, आणि त्या गल्लीत शिरल्यापासून भेटेल त्याला एकेक शेंग वाटत आल्या. पुढच्या शनिवारी त्यांच्याकडून भांड्यांचा आवाज आला नाही. त्या गेटाशी तयार होऊन उभ्या होत्या.

मला पुढं साताऱ्याला नोकरी लागली. सामान न्यायला आई आली. सामान फार नव्हतंच, पण आईला ती बाई बघायची होती. "माज्या पोरीला एका चादरीवर ठिवणारी कोण ती मला बघू दे," असं ती एसटीत बसतानाच वडलांना सांगून आली होती.

आईनं बाईंना बघितलं, बाईंनी आईला बघितलं. दोघी एकमेकींना जोखत होत्या. आई थेट स्वयंपाकघरात गेली, पिशवीतून हुलग्याचं पीठ काढलं आणि शेंगोळे करायला घेतले. लसणाचा खर्डा वाटला. ज्वारीच्या भाकरी थापल्या. घरभर ठसका उठला. बाई खुर्चीवरून हाक मारून म्हणाल्या, "मिरची जास्त होतेय." आई आतून म्हणाली, "खाऊन बघा, मग बोला."

ताट एकच होतं, म्हणून आधी बाईंना वाढलं. आई त्यांच्या समोर जमिनीवर बसली. मी धास्तावले होते. आमच्या गावात पाहुण्यानं ताटात टाकलं तर आई वर्षभर लक्षात ठेवते, आणि बाईंचं जेवण चिमणीएवढं.

बाईंनी पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा घेतला. नाक पुसलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि जेवायला लागल्या. एक भाकरी संपली. आई हातात दुसरी घेऊन नुसती बसली होती, विचारत नव्हती. बाईंनी वर बघितलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले. मला वाटलं, आता 'आभारी आहे' येणार आणि संपणार.

"अजून वाढा," बाई म्हणाल्या. "आणि रस्सा पण."

आईनं भाकरी ताटात ठेवली, चुरून दिली, वर शेंगोळे ओतले. बाईंनी तेही संपवलं, आणि अर्धी अजून मागून घेतली.

कराडच्या पुढं एसटीला जरा जागा झाली तेव्हा आई खिडकीशी सरकून बसली. ती बाहेरचा ऊस बघत होती.

"बाई चांगली हाय गं," ती म्हणाली.

"कशावरनं?"

"कशावरनं म्हंजे? मागून जेवली की."